रात्री लाल, सकाळी हिरवी: दर स्प्रिंटला परत फुटणाऱ्या बीडीडी चाचण्यांचा माग कसा काढायचा

बीडीडी म्हणजे बिहेवियर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट: सॉफ्टवेअरने कसं वागावं हे उदाहरणांतून, म्हणजे परिदृश्यांतून, लिहायचं आणि तीच चाचण्या म्हणून चालवायची. आधी लक्षणं जुळतात का बघा. रात्री दोनची बिल्ड, म्हणजे कोड जोडून सगळ्या चाचण्या चालवणारी आपोआपची फेरी, लाल (नापास). सकाळी साडेनऊला कुणीतरी पाइपलाइनचं पान उघडतं, तीन परिदृश्यं फुटलेली दिसतात, रीरनचं बटण दाबलं जातं आणि चहा घेऊन येईपर्यंत सगळं हिरवं. स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) विचारणा होते, "बिल्डचं काय?" उत्तर ठरलेलं असतं: "फ्लेकी होती, रीरन केली, झाली पास." फ्लेकी म्हणजे कोड न बदलता कधी पास, कधी नापास होणारी. पुढच्या आठवड्यात तीच तीन नावं, सोबत चौथं. स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) संपताना रिलीज अडतो, रेट्रोमध्ये (टप्प्याच्या आढावा बैठकीत) "ऑटोमेशन स्थिर करणे" असं कार्ड लागतं आणि पुढच्या रेट्रोत तेच कार्ड पुन्हा लिहिलं जातं.

आम्ही पुण्यात पतसंस्थांसाठी कर्ज आणि वसुलीचं सॉफ्टवेअर बनवतो. जावा, क्युकम्बर (परिदृश्यं चालवणारं साधन), सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन), साधारण चारशे परिदृश्यं, नऊ जणांची टीम. मी क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणी, बघते. हा त्रास आम्ही दीड वर्ष काढला. त्यातले पहिले दोन महिने जिथे तिथे वेट (चाचणीने थांबायची वेळ) वाढवण्यात गेले आणि त्याने एकच झालं, बिल्ड चाळीस मिनिटांवरून तासावर गेली. खालचा क्रम त्या अनुभवातून आलाय. तो मोडू नका, विशेषतः पहिली पायरी.

पहिली पायरी: रीरनच्या आधी नोंद

रीरन करू नका असं मी म्हणत नाही, रिलीज अडलेला असताना ते करावंच लागतं. पण रीरन केलं की पुरावा जातो. फुटलं तेव्हा घड्याळात किती वाजले होते, कोणत्या मशीनवर चालत होतं, त्याच्या आधी कोणतं परिदृश्य चाललं, चुकीच्या संदेशाची पहिली ओळ काय होती, एवढ्या चार गोष्टी आधी उतरवून घ्या. आम्ही साधी शीट केली. ज्याची पाळी त्याने भरायची, मग बटण दाबायचं.

हे लिहिताना कंटाळा येतो, तरी दोन आठवडे नेटाने करा. गूगलने २०१६ मध्ये त्यांच्याकडच्या चाचण्यांबद्दल जे सांगितलं ते मी टीमला वाचून दाखवलं होतं: जवळजवळ १६ टक्के चाचण्यांमध्ये थोडीफार अस्थिरता आहे, आणि पास होणारी चाचणी अचानक फुटते अशा प्रसंगांपैकी सुमारे ८४ टक्क्यांत कुठली ना कुठली फ्लेकी चाचणी गुंतलेली असते. एवढ्या मोठ्या ठिकाणीही हे आहे म्हटल्यावर आमच्याकडे कुणाला कमीपणा वाटायचं कारण उरलं नाही, आणि शीट भरली जाऊ लागली.

दोन आठवड्यांनी शीट वेळेनुसार लावली आणि चित्र दिसलं. आमच्या फुटलेल्या परिदृश्यांचे ढोबळ तीन गट पडले: काही फक्त रात्रीच फुटत होती, काही ठरावीक शेजारी असला तरच फुटत होती आणि काही मशीनवर ताण असला की फुटत होती. तुमचे गट वेगळे असतील, पण गट पडतातच. "कधीही, कशीही फुटतात" असं वाटतं ते नोंद नसल्यामुळे.

रात्रीच फुटणारी: तारखेचा घोळ

इथे मी थांबून लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त आम्ही इथेच शिकलो.

परिदृश्य साधं होतं. हप्त्याची देय तारीख आज आहे, सभासद आज हप्ता भरतो, दंडव्याज लागू नये. लॅपटॉपवर शंभर वेळा चालवा, पास. सकाळी रीरन करा, पास. रात्री दोनला मात्र एक दिवसाचं दंडव्याज लागलेलं.

कारण असं. चाचणीची स्टेप डेफिनिशन (परिदृश्याच्या ओळीमागचं कोड) देय तारीख ठरवायला यंत्राच्या घड्याळातून आजची तारीख घेत होती. बिल्ड ज्या कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या वेगळ्या केलेल्या वातावरणात) चालते त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. अ‍ॅप्लिकेशन मात्र भारतीय वेळेवर. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटेचे दोन वाजले असतील तेव्हा कंटेनरमध्ये १४ तारखेचे रात्रीचे साडेआठ. चाचणीने देय तारीख टाकली १४, अ‍ॅप म्हणालं आज १५, हप्ता एक दिवस उशिरा, लावा दंडव्याज. सकाळी साडेनऊला यूटीसीमध्ये पहाटेचे चार वाजलेले असतात, तारीख एकच, म्हणून पास. लॅपटॉप तर कायम भारतीय वेळेवर, तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं. तुमच्याकडे काही फक्त मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात फुटत असेल तर आधी हेच तपासा. कंटेनरमध्ये शिरून तारीख छापून बघायला एक मिनिट लागतं.

आम्ही कंटेनरचा टाइमझोन एशिया-कोलकाता केला आणि विषय मिटला असं समजलो. दोन महिने शांततेत गेले. मग एका रिलीजच्या रात्री पावणेबाराला हाताने बिल्ड लावली, ती बाराच्या पुढे गेली आणि तेच परिदृश्य पुन्हा फुटलं. देय तारीख टाकली तेव्हा १५ होती, पैसे भरायची पायरी येईपर्यंत १६ उजाडली होती. टाइमझोन बदलून आम्ही दुखणं दाबलं होतं. मूळ दोष हा की चाचणी खऱ्या घड्याळावर उभी होती.

नीट उपाय असा की तारीख लागणाऱ्या कुठल्याही कोडने थेट यंत्राला वेळ विचारू नये. जावा ८ पासून क्लॉक नावाचा वर्ग आहे. तो बाहेरून द्या, खऱ्या वापरात खरं घड्याळ द्या आणि चाचणीत ठरावीक वेळेवर थांबवलेलं घड्याळ द्या. मग परिदृश्यात "आज" न लिहिता "१५ जुलै" लिहिता येतं आणि ते कोणत्याही वेळी, कोणत्याही मशीनवर तसंच चालतं. आमच्याकडे अशा जागा बऱ्याच निघाल्या, बदलायला दीड स्प्रिंट गेला. चाचणी ब्राउझरमधून चालत असेल तर घड्याळ बदलायला फक्त चाचणीच्या वातावरणात उघडणारी एक आतली वाट ठेवावी लागते. ती प्रॉडक्शनला बंद आहे ना, याचीही एक चाचणी लिहा.

"आज" म्हणजे कुणाचं आज?

क्लॉकचं काम चालू असताना एका डेव्हने (डेव्हलपरने) प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणाऱ्या, मॅडमना सहज विचारलं, "दंडव्याजासाठी आजची तारीख भारतीय वेळेनेच धरायची ना?" मॅडम सॉफ्टवेअरमध्ये येण्याआधी एका पतसंस्थेत वसुली विभागात होत्या. त्या म्हणाल्या, "तारीख घड्याळाची कशी असेल? तारीख शाखेची असते. डे-एंड झाला की तारीख पुढे जाते."

टीममधल्या निम्म्या लोकांनी हे पहिल्यांदा ऐकलं. बँक किंवा पतसंस्थेच्या कामकाजाची तारीख कॅलेंडरप्रमाणे रात्री बाराला बदलत नाही. शाखा दिवसाचे व्यवहार जुळवते, डे-एंड करते आणि मगच पुढचा कामकाजाचा दिवस उघडतो. शनिवारचा डे-एंड काही कारणाने सोमवारी सकाळी झाला तर तोवर प्रणालीसाठी शनिवारच असतो. मग सभासदाने डे-एंडनंतर, पण देय तारखेलाच रात्री पावणेबाराच्या पुढे यूपीआयने पैसे भरले तर? पावती पुढच्या कामकाजाच्या दिवसाची पडणार. दंडव्याज लावायचं का?

मॅडमचं उत्तर स्पष्ट होतं: आमच्या ग्राहक संस्थांमध्ये पैसे भरल्याची तारीख धरायची, पावतीची नाही. सभासदाने वेळेत भरले, संस्थेचं पुस्तक बंद झालं होतं हा त्याचा दोष नाही. आमचं कोड यातलं काहीच करत नव्हतं. म्हणजे दीड वर्ष जिला आम्ही फ्लेकी म्हणून हिरवी करत होतो, ती चाचणी बोट दाखवत होती ते खऱ्या चुकीकडे. कुठल्या तरी गावातल्या सभासदाला नाहक दंड बसला असता. हे मला अजून टोचतं.

मग हे दर स्प्रिंटला परत का येतं?

तांत्रिक दुरुस्ती केली तरी नवीन फ्लेकी परिदृश्यं येत राहतात, कारण ती जन्माला येण्याची पद्धत तशीच राहते. आमची पद्धत अशी होती: स्टोरीवर (स्प्रिंटमधल्या एका छोट्या कामावर) डेव्ह आठ दिवस काम करणार, स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत ती क्यूएकडे येणार, आम्ही तयार स्क्रीन समोर ठेवून फीचर फाइल (परिदृश्यांची फाइल) लिहिणार. त्या फाइलमध्ये काय उतरणार? स्क्रीनच.

*परिदृश्य: हप्ता भरणे*
*जर मी लॉगिन पानावर आहे*
*आणि मी युजरनेममध्ये "क्लार्क१" टाइप करतो*
*आणि मी "पुढे" बटणावर क्लिक करतो*
*आणि मी सभासद क्रमांक "१०१" शोधतो*
*आणि मी "हप्ता भरा" टॅबवर क्लिक करतो*
*मग दंडाच्या रकान्यात "०.००" दिसते*

मूळ फाइलमध्ये अशा चौदा ओळी होत्या. त्या वाचून मॅडमना काही कळणं शक्य नव्हतं आणि त्यांनी कधी वाचल्याही नाहीत. नियम कुठेच लिहिलेला नाही, फक्त क्लिक आहेत. एक बटण हललं की तीस परिदृश्यं फुटणार. क्युकम्बरच्या नावाखाली आम्ही सेलेनियमची स्क्रिप्टच मराठीत लिहीत होतो.

बीडीडी यासाठी आलंच नव्हतं. डॅन नॉर्थ यांनी २००३ च्या सुमारास जेबिहेव या जावासाठीच्या बीडीडी साधनावर काम सुरू केलं तेव्हा त्यांची अडचण शिकवण्याची होती: चाचणी कुठून सुरू करायची, काय तपासायचं, तिला नाव काय द्यायचं, हे प्रोग्रामरना उमगत नव्हतं. "चाचणी" हा शब्द काढून "वर्तन" म्हटलं की गोष्ट सोपी होते, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे क्रिस मॅट्स या बिझनेस अ‍ॅनालिस्टबरोबर काम करताना गिव्हन-व्हेन-देनचा (जर-जेव्हा-मगचा) साचा तयार झाला. प्रोग्रामर आणि कामकाज जाणणारा माणूस, दोघांच्या बोलण्यातून निघालेला साचा आहे तो. अस्लाक हेलेसॉय यांचं क्युकम्बर आलं २००८ मध्ये. बोलणं आधीचं, हत्यार नंतरचं. आम्ही हत्यार आणलं आणि बोलणं वगळलं.

आता स्टोरी स्प्रिंटमध्ये घ्यायच्या आधी आम्ही पंचवीस मिनिटं बसतो: मॅडम, एक डेव्ह, एक क्यूए. मॅट विन यांनी मांडलेली एक्झाम्पल मॅपिंगची रीत वापरतो. पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यावर नियम, हिरव्यावर त्या नियमाची उदाहरणं, लाल कार्डावर ज्याचं उत्तर खोलीतल्या कुणाकडेच नाही असा प्रश्न. लाल कार्डं जास्त झाली तर स्टोरी स्प्रिंटमध्ये येत नाही. निळी जास्त झाली तर स्टोरी मोठी आहे, फोडायची. सुरुवातीला "आणखी एक मीटिंग" म्हणून कुरकुर झाली. पण तिसऱ्या-चौथ्या बैठकीत जेव्हा डेव्हनेच कोड लिहायच्या आधी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी देय तारीख आली तर?" तेव्हा कुरकुर थांबली.

तेच परिदृश्य आता असं आहे:

*नियम: दंडव्याज ठरवताना सभासदाने पैसे भरल्याची तारीख धरायची, पावतीची नाही*

*परिदृश्य: डे-एंडनंतर पण देय तारखेलाच भरलेला हप्ता*
*जर हप्त्याची देय तारीख १५ जुलै आहे*
*आणि शाखेचा १५ जुलैचा डे-एंड संध्याकाळी ६ वाजता झाला आहे*
*जेव्हा सभासद १५ जुलैला रात्री ११:५० वाजता यूपीआयने हप्ता भरतो*
*मग पावती १६ जुलै या कामकाजाच्या तारखेची निघते*
*पण दंडव्याज लागत नाही*

यात एकही बटण नाही. बहुतेक अशी परिदृश्यं आता ब्राउझर न उघडता थेट सर्व्हिसवर (स्क्रीनमागच्या कोडवर) चालतात, त्यामुळे सेकंदात संपतात आणि स्क्रीन बदलली तरी फुटत नाहीत. ब्राउझरमधून आम्ही मोजके प्रवास तपासतो: लॉगिन, कर्ज मंजुरी, हप्ता, डे-एंड, अहवाल.

मराठी शब्दांबद्दल विचारणा होते म्हणून सांगते: गर्किन (क्युकम्बरच्या फीचर फाइल लिहायची रीत) सत्तरहून अधिक भाषांत चालतं आणि त्यात मराठी आहे. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा कोड सांगितला की परिदृश्य, जर, जेव्हा, मग, आणि, पण हे शब्द क्युकम्बर ओळखतं. आमच्या मॅडमच्या तोंडी "थकबाकी", "जामीनदार", "कर्जखतावणी" हेच शब्द असतात. इंग्रजीत लिहायचो तेव्हा प्रत्येक डेव्ह त्यांचं वेगळं भाषांतर करायचा आणि एकाच गोष्टीसाठी तीन स्टेप डेफिनिशन तयार व्हायच्या. मराठी फाइल त्या स्वतः वाचतात, फोनवर संस्थेच्या मॅनेजरना वाचून दाखवतात. तुमचा ग्राहक मराठीत काम करत नसेल तर हा खटाटोप करू नका. ज्या भाषेत कामकाज बोललं जातं त्या भाषेत लिहा.

शेजाऱ्यामुळे फुटणारी

दुसरा गट. एकटं चालवलं तर पास, सगळ्यांबरोबर नापास. क्युकम्बर प्रत्येक परिदृश्याला स्टेप डेफिनिशनचे ऑब्जेक्ट नवे देतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण स्टॅटिक व्हेरिएबल आणि डेटाबेस नवे होत नाहीत. आमचा सभासद क्रमांक १०१ साठेक परिदृश्यांत वापरलेला होता. एकाने त्याचं कर्ज बंद केलं की पुढच्याला हप्ताच सापडायचा नाही.

शोधायला सोपी युक्ती: परिदृश्यांचा क्रम मुद्दाम विस्कटून चालवा. क्युकम्बरमध्ये क्रम रँडम करायचा पर्याय आहे, आणि त्याला सीडचा आकडा देता येतो, म्हणजे फुटलेला क्रम पुन्हा तसाच चालवून बघता येतो. पहिल्या दिवशी आमची सव्वीस परिदृश्यं फुटली. उपाय एकच: ज्याचा सभासद त्याने निर्माण करायचा, दर वेळी नवा क्रमांक घेऊन. "चाचणी संपल्यावर व्यवहार रोलबॅक करू (डेटाबेसमधले बदल मागे फिरवू)" हा मार्ग लोक सुचवतात. चाचणी आणि अ‍ॅप एकाच प्रोसेसमध्ये, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतील तरच तो चालतो. ब्राउझरमधून आलेली विनंती वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये पूर्ण होऊन जाते, तिला तुमचा रोलबॅक लागू होत नाही.

ताण आला की फुटणारी

यावर बरंच लिहिलं गेलंय, थोडक्यात उरकते. ठोक पाच सेकंद झोपणाऱ्या स्लीपच्या ओळी काढा आणि नेमक्या स्थितीची वाट बघा: पावती क्रमांक दिसेपर्यंत, बटण दाबण्याजोगं होईपर्यंत. सेलेनियममध्ये इम्प्लिसिट (सगळीकडे आपोआप लागू होणारे) आणि एक्स्प्लिसिट (एका ठरावीक स्थितीसाठीचे) वेट एकत्र वापरू नका, एकूण किती थांबेल याचा भरवसा राहत नाही. आमच्याकडे दोन्ही होते, वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी घातलेले.

दुरुस्ती होईपर्यंत काय?

एका दिवसात सगळं सुधारत नाही आणि रोज लाल बिल्ड बघून लोकांची नजर मरते. म्हणून विलगीकरणाचा टॅग ठेवा. संशयित परिदृश्याला तो लावायचा, मुख्य बिल्डमधून बाजूला काढायचं, वेगळ्या जॉबमध्ये रोज चालवायचं. पण तीन अटी पाळा, नाहीतर तो अडगळीचा माळा होतो. टॅगसोबत माणसाचं नाव हवं. तारीख हवी, आमच्याकडे एक स्प्रिंट. आणि संख्येला मर्यादा हवी: आमच्याकडे आठ. नववं आलं की नवीन स्टोरी न घेता आधीच्यांपैकी एक निकाली काढायचं. मुदतीत सुधारलं नाही तर टीमने बसून ठरवायचं की ते पुसायचं का. पुसायला घाबरू नका, पण त्यातला नियम काय होता हे मॅडमना विचारल्याशिवाय पुसू नका.

आणखी एक. लाल बिल्ड ही क्यूएची जबाबदारी असं जोवर टीममध्ये धरलं जातं तोवर यातलं काहीच टिकत नाही. आमच्याकडे आता आठवड्याची पाळी आहे आणि त्यात डेव्हही येतात. पाळीवाल्याला त्या आठवड्यात स्टोरीचं काम निम्मंच दिलं जातं. हे मॅनेजरकडून लेखी मान्य करून घेतलं, कारण तोंडी ठरलेलं स्प्रिंटच्या शेवटी पहिलं उडतं.

आजच्या घडीला विलगीकरणात तीन परिदृश्यं आहेत. त्यातलं एक माझ्या नावावर आहे आणि ते पुन्हा तारखेचंच आहे. ३१ जानेवारीला दिलेल्या कर्जाचा पुढचा हप्ता काढायला कोड एक महिना मिळवतो, जावा बरोबर फेब्रुवारीची शेवटची तारीख देतं. पण त्याच्या पुढचा हप्ता त्या २८ तारखेत महिना मिळवून काढला की २८ मार्च येतो, मूळ ३१ तारखेवरून काढला की ३१ मार्च. एका जागी कोड पहिल्या रीतीने काढतो, दुसऱ्या जागी दुसऱ्या. बरोबर कोणतं, हे मॅडमनी संस्थांना विचारलंय. दोन संस्थांकडून उत्तर आलं, आणि ते वेगवेगळं आहे. ते लाल कार्ड आत्ता भिंतीवर आहे, शुक्रवारी त्यावर बसतोय.